थोरला साडेचारचा, धाकटी पावणेदोनची: वर्षभर कुठे जायचं आणि सण कसे करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोथरूडला राहता, घरात आजी-आजोबा आहेत, दोन लहान मुलं आहेत. दर सुट्टीला कुठेतरी जाता, कधी लोणावळा, कधी महाबळेश्वर. थोरल्याला घाटात गाडी लागते, धाकटी परतीच्या वाटेवर रडून गोंधळ घालते. गणपतीची मिरवणूक दाखवायला नेलं, तर दोघांनीही कानावर हात ठेवले. आता मिस्टरांना मुलांना काजवे दाखवायचे आहेत, सासूबाईंना धाकटीचं बोरन्हाण थाटात करायचंय, आणि तुम्हाला हवंय वर्षभराचं वेळापत्रक.

मी पुण्यात बालवाडी चालवते. पोरांना घेऊन टेकड्या, बागा, शेतं फिरण्यात आणि शाळेत सण करण्यात माझी हयात गेली. त्या जोरावर एक गोष्ट ठामपणे सांगते: पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला काही ‘दाखवायला’ नेऊ नका. त्याला हातात काम लागतं आणि पायाखाली ओळखीची जागा लागते. तुमच्या सहली फसतात त्या गाडी लागते म्हणून नव्हे. जिथे मुलाने फक्त बघायचं असतं अशा जागी तुम्ही त्याला नेता, आणि तेही दर वेळी नव्या, म्हणून फसतात. मोठ्यांना नवी जागा हवी असते. लहान मूल नव्या जागी पहिला तासभर आईच्या ओढणीला धरून असतं, आणि रमायला लागतं तेव्हा तुम्ही म्हणता, चला, आता पुढचा पॉइंट.

म्हणून वेळापत्रकात पहिली ओळ लिहा वेताळ टेकडीची. घरापासून जवळ, फुकट, आणि महिन्यातून एकदा तरी जाता येईल अशी. सकाळी साडेसहा-सातला निघायचं, साडेनऊला घरी. धाकटीची दुपारची झोप मोडता कामा नये, हा नियम सणाला आणि सहलीलाही लागू. तुम्ही म्हणाल, तीच ती टेकडी किती वेळा? पण ती तीच राहत नाही. मृगाचा पाऊस पडला की मातीवर लाल मखमली किडे चालू लागतात. मृगाचे किडे म्हणतात ते हेच. पाऊस चांगला लागला की ते दिसेनासे होतात, म्हणून ती सकाळ चुकवू नका. श्रावण-भाद्रपदात गवत थोरल्याच्या कमरेएवढं होतं, तेरडा फुलतो, दोन झुडपांमध्ये जाळी लावून कोळी बसलेले असतात. दिवाळीच्या सुमारास कुसळं मोज्यांत घुसतात. ती उपटत बसणं हा मुलांचा अर्ध्या तासाचा आवडता उद्योग, मात्र धाकटीला त्या दिवसांत पूर्ण पायजमा घाला. थंडीत गवत पिवळं पडतं आणि बाहेरून आलेले थरथरे, धोबी असे पाहुणे पक्षी दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पळस फुलतात, गिरिपुष्पाच्या काड्यांवर गुलाबी फुलं येतात, आणि पुढे कडक उन्हात सावरीचा कापूस उडायला लागतो. तो पकडायला धावणारं मूल एकदा बघाच. मोर दिसला तर दिसला, पण त्याच्यासाठी पोराला गप्प बसवून ठेवू नका.

थोरल्याला एक झाड ‘त्याचं’ म्हणून ठरवू द्या. दर वेळी तिथे थांबायचं, पान-फूल-शेंग काय आहे ते बघायचं, बुंध्याला हात लावायचा आणि पुढे जायचं. वर्षभरात ऋतू म्हणजे काय हे त्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साठतं, तिच्या काठाकडे मात्र फिरकू नका. आणि मार्चनंतर वाळलेलं गवत पेटतं, तेव्हा धूर दिसला की मागे वळा.

पावसाळ्यात लोणावळा वर्ज्य. हे मी गर्दीमुळे म्हणत नाही, गर्दीचा वैताग तुम्हाला माहीतच आहे. पाणी असं वाढतं की मोठ्या माणसाचेही पाय सुटतात. २०२४च्या जूनअखेरीला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत मुलं होती. वरच्या डोंगरावर पाऊस पडत असतो आणि खाली आपल्याला पत्ता नसतो. दोन लहान मुलं घेऊन वाहत्या पाण्यात उतरायचंच नाही. पावसाची हौस गल्लीतल्या डबक्यात भागते, आणि मुलांच्या दृष्टीने डबकं धबधब्याहून बरं, कारण त्यात उडी मारता येते. घरी आल्यावर साबणाने पाय धुवायचे, पायाला जखम असेल तर डबकं बंद.

त्याच सुमारास पालख्या पुण्यात येतात. मुलांना रस्त्याच्या कडेला खांद्यावर घेऊन पालखी बघायची धडपड करू नका, तिथे त्यांना फक्त पाठी दिसतात. पालख्या नाना पेठ, भवानी पेठेत मुक्कामाला असतात, तेव्हा वारकरी आसपासच्या शाळांमध्ये, देवळांमध्ये उतरलेले असतात. मुक्कामाच्या दिवशी सकाळी लवकर जा, थोरल्याच्या हातात राजगिऱ्याच्या वड्यांची पिशवी द्या आणि त्याला वाटू दे. एखाद्या आजी त्याच्या पाया पडतील, कारण वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. तो गोंधळेल आणि मग तोही वाकेल. वारी म्हणजे काय हे त्याला तिथेच कळेल.

गणपतीबद्दल. मिरवणुकीत ढोलाचा आवाज मुलाच्या कानावर आणि छातीवर एकदम येतो. मुलांनी कान झाकले ते शहाणपण होतं, भित्रेपणा नव्हे. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्याही वर चालते, तिच्यात पावणेदोन वर्षांच्या मुलीसाठी काहीही नाही. देखावे बघायचे असतील तर पहिल्या दोन-तीन दिवसांत, दिवसाउजेडी, पेठेतले चार मंडप पायी. गौरी गेल्यावर गर्दी वाढत जाते, तेव्हा घरी बसा.

घरचा गणपती मात्र मुलांच्या हातचा असू द्या. शाडूची माती आणून थोरल्याला एक गोळा द्या. त्याचा गणपती बटाट्यासारखा झाला तरी तो पूजेच्या मूर्तीशेजारी बसवायचा. सोंड सरळ करायला जाऊ नका, आजोबांनाही हे आधीच सांगून ठेवा. रोज सकाळी एकवीस दुर्वा मोजून जुडी बांधणं हे त्याचं काम, आणि तो मोजायला चुकला तरी गणपती रागावत नाही. धाकटीला आरतीत घंटा द्या. ती ताल सोडून वाजवेल, पण रडणार नाही. मोदकाच्या कळ्या पाडणं मुलांना जमत नाही; सारण भरणं, आणि भरता भरता खाणं, जमतं. विसर्जन घरी बादलीत करा आणि ते पाणी-माती कुंडीत घाला. शाडू विरघळताना बघायला मुलं बादलीशी तासन्‌तास बसतात.

नवरात्रात भोंडला जरूर करा, मुलगा-मुलगी असा भेद न करता. गाणी पाठ नसली तरी चालतं, आजीला असतील. मुलांचा जीव असतो खिरापतीत. झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं, हा खेळ चार वर्षांच्या मुलाला इतका आवडतो की नऊ दिवस पुरतो. पाटावर हत्ती काढायचं काम थोरल्याकडे द्या. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती त्यालाच काढू द्या. सोनं म्हणून बाजारात पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकतात. दोन्ही पानं हातात देऊन आपट्याचं कुठलं ते ओळखायला लावा. आपट्याचं पान आखूड, जाडसर आणि रुंद असतं. ओरबाडून घरी आणण्यापेक्षा एखादं आपट्याचं झाड शोधून त्याखालची चार पानं वेचलेली बरी.

आता दिवाळी, आणि इथे मी थोडी लांबणार आहे, कारण मराठी घरात लहान मुलासाठी किल्ल्याहून चांगला उद्योग मला माहीत नाही. तयार प्लास्टरचा किल्ला आणू नका. सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, फुटक्या कौलांचे तुकडे, जुनी पोती आणि टेकडीजवळची लाल माती इतकं पुरे. विटा-दगडांचा डोंगर मोठ्यांनी रचायचा, त्यावर भिजवलेलं पोतं टाकायचं, आणि मग चिखल थापायचं काम पूर्ण मुलांचं. धाकटी चिखल कालवेल, तेवढाच तिचा वाटा, पण तो महत्त्वाचा. आळीव आधी पेरा. तो तीन-चार दिवसांत उगवतो, म्हणजे वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा दिसायला हवा असेल तर आठवडाभर आधी पेरलेला बरा. त्याच्यावर पाणी शिंपडणं हे रोजचं काम, आणि रोज उठून ‘किती वाढलं’ बघायला धावणं हा पगार. मावळे उलटे उभे राहतील, महाराजांच्या शेजारी डायनासोर येईल. येऊ द्या. बाबांनी आपला लहानपणचा राहिलेला किल्ला या निमित्ताने पुरा करून घेतला, तर मुलं दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत, हे मी कैक सोसायट्यांत पाहिलंय.

फराळात थोरल्याला शंकरपाळ्या कापायला कातण द्या. वाकड्या कापल्या तरी तळून सारख्याच लागतात. तळणाच्या कढईपासून दोघांनाही लांब ठेवा, त्या वेळी आजोबांची ड्युटी लावा. अभ्यंगस्नानासाठी झोपलेल्या मुलांना पहाटे चारला उठवू नका. सात वाजता तेल लावलं तरी नरकासुर मरतो.

फटाक्यांत लोक फुलबाजीला निरुपद्रवी समजतात. ती जळताना हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि विझल्यावरही तिची तार बराच वेळ गरम, आणि टोकदार. पायाखाली येते ती हीच. वाळूची बादली शेजारी ठेवा, विझलेली तार लगेच त्यात. मुलाला सुती कपडे, पायात बूट. नागगोळी अजिबात नको. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला होता, त्यात सूक्ष्म कण सर्वांत जास्त सोडणारी ही नागगोळीच निघाली, आणि मुलं नेमकी तिच्यावर वाकून बघतात.

थंडीत दोन सहली करा. दोन्ही सोलापूर रस्त्याला आहेत, म्हणून एकाच दिवशी उरकायचा मोह होईल, तो टाळा. पहिली हुरड्याची. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हुरडा असतो. जिथे रेन डान्स आणि ट्रॅक्टरच्या सवारीची जाहिरात असते तिथे जाऊ नका. ओळखीच्या कुणाच्या शेतावर जा, आणि ओळखीचं कुणी नसेल तर जिथे आगटी आणि खाट याखेरीज काही नाही अशा ठिकाणी. आगटीतून कणसं काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं, हे काम थोरल्याला द्या. तूस डोळ्यांत जाईल, त्याला चालेल. धाकटीला मऊ दाणे थोडेसे चुरून, दह्याबरोबर द्या. हुरडा पोटाला जड असतो आणि तिखट चटणी तिच्या वाट्याची नाही. आगटी वरून राख दिसते पण आत निखारे तासन्‌तास धगधगत असतात. धाकटी चालायला लागली आहे, तेव्हा एका मोठ्या माणसाने फक्त तिच्यावर लक्ष ठेवायचं आणि त्या माणसाने गप्पांत भाग घ्यायचा नाही.

दुसरी भिगवणची. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, जानेवारी-फेब्रुवारीत चांगले दिसतात. पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास, सरळ रस्ता, घाट नाही, म्हणजे थोरल्याचा प्रश्न सुटला. पहाटे निघून नावेत बसायचं. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं नसेल तर काठावरूनच बघा, हे नाववाल्याशी आधी फोनवर ठरवा. नाव पक्ष्यांच्या थव्यात घालून त्यांना उडवू का, असं तो विचारेल. नाही म्हणा, आणि मुलांसमोर म्हणा.

बोरन्हाणाचं सासूबाईंना माझ्या वतीने सांगा: जरूर करा, थाटातही करा, पण शेंगदाणे, हरभरे, बोरं आणि हलव्याचे दाणे डोक्यावरून ओतू नका. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या पदार्थांत शेंगदाणा सर्वांत कुप्रसिद्ध आहे, बोराची बी आणि हलवाही त्याच जातीचे. बोरन्हाणात मुलं जमिनीवरून वेचून तोंडात टाकतात, धावतात, हसतात, आणि हे तिन्ही एकाच वेळी करतात. चुरमुरे, बत्तासे आणि फुलांच्या पाकळ्या भरपूर ओता; बोरं, ऊस, तिळाच्या वड्या मोठ्या मुलांना पिशवीत बांधून द्या. डोक्यावरून एकदम ओतलं तर लहान मूल दचकून रडतं, तेव्हा आधी ओंजळीतलं मांडीवर, मग खांद्यावर, आणि ती हसली तर डोक्यावर. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने फोटोपुरते ठेवा, दोऱ्यातून दाणे सुटतात. कार्यक्रम झाल्यावर लगेच केर काढा, सोफ्याखालचाही. एखादं मूल खाताना अचानक खोकलं आणि मग शांत झालं पण श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतोय, तर ‘निघालं असेल’ म्हणून थांबू नका, तसंच दवाखान्यात न्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करता येतं, तेव्हा धाकटी सर्दीतून बरी असेल असा दिवस निवडा. मुहूर्ताचा हट्ट नको.

होळी-पाडव्याला फार लिहीत नाही. टेकडीवर पळसाची गळलेली फुलं मिळतात, ती रात्री पाण्यात भिजवली की सकाळी केशरी-पिवळं पाणी तयार. रंगपंचमीला दोघांना एक टब आणि ते पाणी द्या. पाडव्याला गाठी गळ्यात घालायची, आणि कडुनिंबाचा पाला तोंड वाकडं न करता खाऊन दाखवायची पैज आजोबांशी लावायची.

उन्हाळ्यात मोठी सहल एकच, आणि तीही मार्चमध्ये: वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव, तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावकरी राखतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलेलं हे काम. पिल्लं बाहेर आली की सकाळी आणि संध्याकाळी ती वाळूवर सोडतात. पिल्लं निघतीलच असं नाही, हे थोरल्याला निघण्यापूर्वी सांगा. न निघाली तरी वाळू आहे, समुद्र आहे, घरगुती जेवण आहे. दोन रात्री राहा, कुठलाही किल्ला, कुठलंही देऊळ ‘जाता जाता’ जोडू नका.

या रस्त्याला घाट आहे, म्हणून गाडी लागण्याचं सांगते. दोन वर्षांच्या आत मुलांना सहसा लागत नाही, पुढे बारा वर्षांपर्यंत सर्वांत जास्त लागते. थोरल्याची सीट अशी लावा की त्याला समोरचा रस्ता दिसेल. हातात मोबाइल नको, पुस्तकही नको. निघण्याआधी पोट रिकामं नको आणि दुधाने भरलेलंही नको. कोरडी दशमी किंवा मेतकूट-भात बरा. काच थोडी उघडी ठेवा, घाट सुरू होण्याआधी थांबा, दहा मिनिटं पळू द्या. गाडीत तळलेले वेफर्स फोडू नका, त्या वासानेच अर्ध्या उलट्या होतात. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, मापाने.

आता मिस्टरांचे काजवे. ते मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस पुरता लागायच्या आधी दिसतात. भंडारदरा, पुरुषवाडीला लोक झुंडीने जातात. रात्री आठनंतरचा खेळ, अरुंद रस्ता, गाड्यांचे दिवे, टॉर्च, आणि त्या उजेडात काजव्यांचं आपसातलं चमकणंच बिघडतं. नर-मादी त्या चमकेवरून एकमेकांना शोधतात. तुमची धाकटी त्या वेळी झोपलेली असणार आणि थोरला अंधारात ‘घरी चला’ म्हणणार. दोन-तीन वर्षं थांबा. मिस्टरांना एवढी ओढ असेल तर त्यांना मित्रांबरोबर पाठवा. मुलांना घेऊन जायचं झालं तर मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला राहायला जा, अंगणात बसा, दिवे मालवा. दिसले तर दिसले.

शेवटी, ऑगस्टमधल्या थोरल्याच्या पाचव्या वाढदिवसाला हॉल घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. नको. पाच मित्र बोलवा, पाचच. सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात फुलराणीत बसवा, ती १९५६ पासून पोरांना फिरवतेय, पण पाऊस असेल तर चालू आहे का ते आधी विचारून घ्या. नंतर घरी थालीपीठ आणि शिरा. थोरल्याला प्राणीच बघायचे असतील तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्या, फक्त वाढदिवस बुधवारी आला तर एक दिवस पुढे-मागे करा, बुधवारी ते बंद असतं.